लिव आणि लीव्ह

आमच्या घरात 'लिव' हा शब्द इंग्रजीच्या आधीपासून होता. लिव म्हणजे लिही. "पाटीवर लिव," "नाव लिव," "मामाला पत्र लिव." शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. तिथे लिहीत कोणीच नाही, सगळे लिवतात. त्यामुळे आठवीत सरांनी फळ्यावर एक इंग्रजी क्रियापद काढलं आणि मोठ्याने 'लीव्ह' म्हणाले, तेव्हा अख्ख्या वर्गाने वह्या उघडून पेनांची टोपणं काढली. सर लिहायला सांगताहेत असंच आम्हाला वाटलं.

सरांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, की हे तुमचं लिव नव्हे, हे लीव्ह. लीव्ह म्हणजे सोडणे. लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट. आम्ही ते पाढ्यासारखं घोकलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग लेफ्ट हॅण्ड म्हंजे सोडलेला हात का, सर?" आम्ही पोट धरून हसलो. सरांनाही हसू आवरलं नाही. त्या तासाला मी सर्वांत जोरात हसले होते, कारण मला डावा आणि सोडलेला यांतला फरक आधीच ठाऊक होता. मी लहानपणापासून दीडशहाणी.

पुढे मी स्वतःच हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला लागले. दर वर्षी हे क्रियापद येतं, दर वर्षी वर्गातलं कुणीतरी वही उघडतं, आणि दर वर्षी मी फळा पुसायला वळते. याच क्रियापदाने माझ्या वडिलांची नोकरी घालवली. लिहिणारी मी होते. तेव्हा मी नववीत होते, आणि चूक माझी होती, एवढं साधं वाक्य मी आजवर बाबांना बोलू शकलेले नाही. आता त्यांच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. हे कुठे छापून आलं तर ते मलाच वाचून दाखव म्हणतील, आणि मी नेमकी हीच पानं गाळून पुढे वाचीन.

बाबा मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत होते, पॅकिंगला. कंपनी कसली हे सांगायचं कारण नाही. आमच्या दृष्टीने तिथे फक्त खोकी तयार होत. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण इंग्रजीचं त्यांना विलक्षण कौतुक होतं. खोक्यांवर छापलेले शब्द ते चित्र काढावं तसे कागदाच्या कपट्यावर उतरवून आणत. संध्याकाळी एसटीतून उतरून आले की दारात पाय धुता धुताच खिशातून कपटा निघे. "हे काय लिवलंय बघ गो." मी वाचायची. धिस साइड अप. ही बाजू वर. "आन् हे?" हॅण्डल विथ केअर. जपून उचला. ते मान डोलवत आणि तो अर्थ लगेच मान्य करून टाकत. मी सांगितलं म्हणजे तसंच असणार. एकदा एका शब्दाचा अर्थ मला आला नाही, तर मी सरळ मनाने ठोकून दिला. तोही त्यांनी मान्य केला. दुसऱ्या दिवशी मला इतकी शरम वाटली की मी शाळेत सरांना विचारून आले आणि बाबांना खरा अर्थ सांगितला. त्यावर ते म्हणाले, "कालचापण चांगला होता."

त्याच महिन्यात त्यांनी मुरबाडच्या बाजारातून मला एक जाडजूड डिक्शनरी आणून दिली. आमच्या शाळेत तशी कुणाकडेच नव्हती. मी ती दप्तरात घालून नेत असे, गरज नसतानाही.

बाबांचा दुसरा गुण म्हणजे राग, आणि रागाच्या भरात बोललेला शब्द मागे न घेण्याचा हट्ट. एकदा सरळगावला सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाजलं. बाबा म्हणाले, "नाय यायचं तुझ्या गाडीतून, चालत जाईन." कंडक्टरने लगेच नमतं घेतलं, बसा म्हणाला, लोकांनीही हाताला धरलं. पण हे उतरले ते उतरलेच आणि घरी चालत आले. आई किती तरी दिवस त्यांना त्यावरून चिडवत होती. हा हट्ट माझ्यातही उतरलाय असं सगळे म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

आषाढात आमच्याकडे भाताची लावणी. कंपनीत कामाला जाणारे अर्धेअधिक लोक आसपासच्या गावांतले, त्यामुळे त्या दिवसांत सगळ्यांनाच सुट्टी हवी असे. आधी ते तोंडी सांगून किंवा मराठीत अर्ज देऊन भागायचं. मी नववीत गेले त्या वर्षी कंपनीत बाहेरून नवे मॅनेजर आले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. अर्ज इंग्रजीत हवा असं फर्मान निघालं. टाइम ऑफिसात एक क्लार्क होता, तो सगळ्यांना अर्ज लिहून देऊ लागला. पण फार तोरा दाखवून. त्याच्या खिडकीपाशी ताटकळत उभं राहायचं, त्याचे टोमणे ऐकायचे, मग तो दोन ओळी खरडणार. बाबांची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, उद्या ये. बाबा म्हणाले, "उद्या येतो, पण लिवून घेऊन येतो. माझी पोर लिवते इंग्रजी. तुझ्यापरीस ब्येस लिवते."

ही बढाई त्यांनी घरी येऊन आईला मोठ्या आवाजात सांगितली, म्हणजे मला ऐकू यावी म्हणून. माझी छाती फुगली.

त्या संध्याकाळी ओटीवर बल्बखाली चटई टाकून त्यांनी मला बसवलं. पाटावर कोरा फुलस्केप कागद ठेवला. मला हात धुऊन यायला लावलं. "लिव," ते म्हणाले. "लावणी आली हाय. पंधरा दिस मला सोडा. एवढंच लिव. जास्ती पाघळू नको."

आता इथे सांगायला हवं की रजेचा अर्ज आमच्या पुस्तकात होता. ताप आला म्हणून मुख्याध्यापकांना लिहायचा, त्यात 'लीव्ह' हा शब्द रजा या अर्थाने अगदी व्यवस्थित छापलेला होता. मला तो तोंडपाठ होता. मी तो जसाच्या तसा उतरवला असता आणि तापाच्या जागी लावणी घातली असती तर काहीही बिघडलं नसतं. पण तो पोरासोरांचा अर्ज होता. मी क्लार्कपेक्षा ब्येस लिवणारी. मला बाबांचंच वाक्य इंग्रजीत करायचं होतं. आमच्याकडे रजा मिळाली नाही तर 'साहेब सोडत नाय' असं म्हणतात, आणि बाबांनीही 'सोडा' असंच सांगितलं होतं. सोडणे म्हणजे लीव्ह. लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट. पंधरा दिस म्हणजे पंधरा दिवसांत, पंधरा दिवसांमध्ये, आणि 'मध्ये'ला इन. मी डिक्शनरी उघडून शेतीचा शब्द शोधला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'आय वॉन्ट टू लीव्ह द कंपनी इन फिफ्टीन डेज फॉर माय फार्मिंग. काइंडली लीव्ह मी.'

मला म्हणायचं होतं, शेतीच्या कामाला पंधरा दिवस मोकळीक द्या. कागद म्हणत होता, शेती करायची असल्यामुळे मी येत्या पंधरा दिवसांत कंपनी सोडू इच्छितो, कृपया मला सोडून जावे.

"वाच," बाबा म्हणाले. मी वाचलं. आईने चिरत असलेली भाजी बाजूला ठेवली. "परत वाच." मी परत वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "लीव्ह म्हंजे काय गो?"

"सोडणं."

"हां. मी तेच बोललो, सोडा म्हणून लिव." आणि त्यांनी खाली मराठीत, एकेक अक्षर कोरत सही केली. कागदाला घडी पडू नये म्हणून तो माझ्या भूगोलाच्या पुस्तकात ठेवून नेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दारातच उभी होते. "दिला अर्ज?"

"दिला."

"काय बोलले?"

"घेतला." पाय धुऊन ते सरळ आत गेले. त्या दिवशी खिशातून कपटा निघाला नाही, याची नोंद मी बऱ्याच वर्षांनी घेतली.

मग लावणी लागली. ते पंधरा दिवस बाबा घरीच होते. मी शाळेतून आले की चिखलात उतरायची. ते रोपांच्या मुठी बांधावरून फेकत आणि आई व मी ओळीने लावत जायचो. ते नेहमीपेक्षा जास्त राबत होते एवढंच आठवतं. आई म्हणायची, जरा बसा, परत कंपनीत पाळीला जायचंय. ते ऐकत नसत. सोळाव्या दिवशी सकाळी आईने भाकरी फडक्यात बांधली, तेव्हा ते चुलीपाशी येऊन म्हणाले, "डबा नको. मी कंपनी सोडली."

आईला आधी थट्टाच वाटली. "सोडली म्हंजे?"

"सोडली म्हंजे सोडली."

यापुढे एक अक्षर नाही. आई रडली, भांडली, दोन दिवस तिने अन्न घेतलं नाही. गावातल्या मोठ्या माणसांनी विचारून पाहिलं. कुणीतरी सहानुभूतीने म्हणायचं, "काम सुटलं काय रे?" की हे उसळून म्हणत, "सुटलं नाय. सोडलं." इंग्रजी शिकवताना मी मुलांना अनेकदा सांगते, की आपल्या मराठीत सुटणं वेगळं आणि सोडणं वेगळं, आणि दोन्हीच्या मध्ये माणसाची इज्जत असते. उदाहरण मात्र मी दाव्याला बांधलेल्या गाईचं देते.

आम्ही सगळे असंच धरून चाललो, की कुणाशी तरी वाजलं असणार आणि यांनी चालत जाईन म्हणून सांगितलं असणार. माझ्या अर्जाचा आणि याचा संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. अर्ज तर रजेचा होता, आणि रजा मिळालीही होती.

त्यानंतर बाबा पावसाळ्यात शेत करत आणि दिवाळी झाली की मुरबाड रस्त्याच्या वीटभट्टीवर जात. त्यांच्या हातांना लाल माती कायमची बसली. कपटे बंद झाले नव्हते. विटांवर शब्द नसतात, पण ट्रकवर असतात, आणि ट्रकवरचे शब्द ते घेऊन येत. मीही सांगायची. फक्त माझ्या सांगण्यात आता तुसडेपणा आला होता. मला राग होता त्यांचा. परमनंट व्हायला आलेली नोकरी नाकावरच्या रागापायी सोडणारा माणूस, असं मी मैत्रिणींना सांगत असे.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मला कल्याणच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे इंग्रजीचे चांगले प्राध्यापक आहेत असं ऐकलं होतं, शिवाय हॉस्टेलवर राहायची हौस. बाबा म्हणाले, शहापूरला जा, एसटीचा पास काढू, तेवढंच झेपतंय. घरात तेव्हा मामा आले होते, ओटीवर शेजारची दोन माणसं बसली होती. मी सगळ्यांसमोर ओरडले, "झेपत नाय ते तुमच्यामुळे! लोक नोकऱ्या टिकवतात. तुमाला फक्त सोडता येतं. दुसरं काय येतं तुमाला?"

मामांनी मला दटावलं. बाबा चिडले नाहीत, उठून गेले नाहीत, हात उगारला नाही. मांडीवर आडवा ठेवलेला एक हात त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला होता. मी ते पाहिलं आणि तरीही मला बरं वाटलं. आज हे लिहिताना सगळ्यांत लाज वाटते ती या बरं वाटण्याची.

त्या दिवसानंतर त्यांनी मला एकही शब्द विचारला नाही. जेवलीस का, पोचलीस का, हे सगळं विचारत. इंग्रजी शब्दांचे कपटे मात्र थांबले. मला ते कित्येक महिने जाणवलंच नाही, मी शहापूरच्या कॉलेजात आणि एसटीत आणि स्वतःत गुंग होते.

बीए झालं, बीएड झालं, हायस्कूलमध्ये लागले. मग लग्न होऊन वाशिंदला बिऱ्हाड केलं. लीव्ह हे क्रियापद माझ्या मागे मागे आलंच. वाशिंदला भाड्याची खोली घेतली तेव्हा एजंट पुन्हा पुन्हा 'लिव अँड लायसन' म्हणत होता. माझ्या नवऱ्याला वाटलं, लिव म्हणजे राहणे, राहण्याचं लायसन. मी त्याला ऐटीत सांगितलं, की हे राहणं नाही, हे लीव्ह. कागदावर त्याचा अर्थ परवानगी, पण मला त्यातही सोडणंच दिसतं. आत शिरायच्या दिवशीच कधी निघायचं ते लिहून घेतात. शाळेत तर रोजचंच. शाळा सोडल्याच्या दाखल्याला सगळे 'लिविंग' म्हणतात. एकदा एक म्हातारे आजोबा ऑफिसात आले, म्हणाले, माझं लिविंग द्या. आमच्या क्लार्कने विचारलं, शाळा कधी सोडली? ते म्हणाले, मी शाळेत गेलोच नाय, मला मी जित्ता हाय याचं पेन्शनीसाठी लिवून पायजे. ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. मी तो किस्सा स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला. सोडणं आणि जगणं आमच्या लोकांच्या तोंडी एकच होऊन बसलंय, असं काहीतरी चुरचुरीत मी त्यात घालत असे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सहामाहीचे पेपर तपासत होते. अर्ज लिहा, असा प्रश्न होता. नववीतल्या एका मुलीने बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली होती. तिने लिहिलं होतं, 'आय वॉन्ट टू लीव्ह स्कूल इन फोर डेज.' मी लाल पेनाने 'इन'वर रेघ मारली, समासात लिहिलं, 'याचा अर्थ तू चार दिवसांत शाळा सोडून जाते आहेस असा होतो,' आणि पेन तसंच धरून बसले.

फुलस्केप कागद दिसला. त्यावरचं माझं वळणदार अक्षर दिसलं. शब्दन् शब्द आठवला, कारण मी तो दोनदा वाचून दाखवला होता.

त्यानंतर दोन वर्षं मी गप्प राहिले. माहेरी जाताना दर वेळी ठरवून जायची, की आज सांगायचं. बाबा, तुम्ही सोडली नाहीत, माझ्यामुळे सुटली. तिथे गेले की काहीतरी व्हायचं, कुणीतरी बसलेलं असायचं, आई वाढत असायची. हे सगळे बहाणे. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की त्यांना हे ठाऊक नसेल तर माझ्या तोंडून कळेल, आणि ठाऊक असेल तर माझं ते ओरडणं त्यांनी सगळं ठाऊक असताना ऐकून घेतलं असेल.

मग मुरबाडला एका नात्यातल्या हळदीला गेले होते. मांडवात एक वयस्क काका माझ्याशेजारी येऊन बसले. बाबांच्या पाळीला पॅकिंगलाच होते ते. त्यांनी मला ओळखलं, शिक्षिका झाले हे ऐकून खूश झाले, आणि म्हणाले, "व्हायलाच पायजे होतीस गो. बापाने केवढं केलं तुझ्या इंग्रजीसाठी."

मला वाटलं डिक्शनरीचं म्हणताहेत.

"टाइम ऑफिसातलं सांगितलं नाय काय तुला?" काका म्हणाले, आणि त्यांनी जे सांगितलं ते असं. अर्ज द्यायला बाबा गेले तेव्हा खिडकीपाशी पाच-सहा जण होते, हे काकाही होते. क्लार्कने अर्ज वाचला आणि मोठ्याने हसला. म्हणाला, ही का तुझी इंग्रजीवाली पोर? तिनं तुझा राजीनामा लिवलाय. सगळे हसले. पण क्लार्क तेवढा वाईट नव्हता. हसून झाल्यावर त्याने कागद परत पुढे सरकवला आणि म्हणाला, पोरीला लिवता येत नाय, उद्या नीट लिवून आण, नायतर मी देतो लिवून.

"तुझा बाप काय बोलला ठाव हाय? बोलला, माझ्या पोरीनं लिवलंय ते बरोबर हाय. क्लार्क बोलला, अरे बरोबर असंल तर मग तू नोकरी सोडतोस. तर हा बोलतो, लिवलंय तसंच करा. आमी समजावला, हाताला धरला. कागद परत घे बोललो. नाय म्हंजे नाय. कंपनीलाबी माणसं कमीच करायची होती, लगेच शिक्का मारला. पंधरा दिस घरी बस बोलले, नोटिशीत धरतो."

काका हळद लावून घ्यायला उठून गेले. मांडवात बायकांची गाणी चालली होती. मी जेवणाच्या पंगतीत बसले, वाढलेलं सगळं खाल्लं आणि कशाचीच चव लागली नाही.

म्हणजे ती नोकरी माझ्या चुकीने गेलीच नव्हती. माझी चूक एका दिवसात दुरुस्त होणार होती. माझ्या पोरीला लिवता येत नाही, एवढं कबूल केलं असतं तर बाबा सोळाव्या दिवशी डबा घेऊन पाळीला गेले असते. तेवढं त्यांच्याने झालं नाही. आणि मी चार माणसांत त्यांना म्हटलं होतं, दुसरं काय येतं तुमाला.

पुढच्या रविवारी वाशिंदहून एकटीच निघाले. आसनगावला उतरून शहापूर, तिथून किन्हवलीची एसटी. वाटभर एकच वाक्य मनात घोळवत होते. बाबा, अर्जात चूक होती, चूक माझी होती, मला माफ करा. शिक्षिकेला शोभेल इतकं ते मी घोटून पक्कं केलं.

आई म्हणाली, राब करायला गेलेत. आमच्याकडे पावसाच्या आधी रोपाची जागा भाजून घेतात, त्यासाठी वाळका पाला, गवत आणि शेण थरावर थर पसरतात. बाबा एकटेच वाकून पाला पसरत होते. मी पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर पसरू लागले. पाल्याचा एक थर पुरा झाला. मग मीच म्हटलं, "मुरबाडला काका भेटले होते. तुमच्या पॅकिंगचे."

"बरा हाय ना तो?"

"बरे आहेत. टाइम ऑफिसातलं सांगत होते."

बाबांचा हात थांबला. ते सरळ उभे राहिले, कमरेवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता समोरच्या बांधाकडे बघत म्हणाले, "तू आता मास्तरीण हाय."

"हो."

"एक इचारू? लई दिस इचारीन बोलतो."

"इचारा ना."

"तो अर्ज. बरोबर होता ना गो?"

वाटभर घोटलेलं वाक्य तोंडात होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. ते इतकी वर्षं विचारायचे थांबले होते, कारण विचारणं म्हणजे शंका घेणं, हे मला तेव्हा त्यांच्या मानेकडे बघताना समजलं. हो, चूक होती, असं म्हटलं की मी मोकळी झाले असते. आणि ते पाच-सहा माणसांच्या हसण्यात पुन्हा जाऊन उभे राहिले असते, या वेळी हातात काहीच नसताना. वीटभट्टीची सगळी वर्षं एका 'इन'साठी.

"बरोबर होता, बाबा," मी म्हटलं.

"एकपण चूक नाय?"

"एकपण नाय."

त्यांनी मान डोलावली. "मी तेच बोललो त्याला," ते म्हणाले. आणि पुन्हा वाकून पाला पसरायला लागले.

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, की सगळं ठाऊक असूनही त्यांनी मला सांभाळून घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही. माझी माफी मात्र तिथेच संपली. जी चूक नव्हतीच असं मी शिक्षिका म्हणून सांगून बसले, तिची माफी आता कुठल्या तोंडाने मागू? त्यांच्यावर ओरडले होते त्याची तरी मागायला हवी होती. ती स्वतंत्र मागता आली असती, पण ते मला तिथे सुचलं नाही, आणि नंतर जेव्हा जेव्हा सुचलं तेव्हा त्या अर्जाला हात लावल्याशिवाय ती मागता येईना.

ऊन चढलं तसं आम्ही बांधावर बसलो. पाला भरून आणलेली खताची रिकामी गोणी तिथे पडली होती. बाबांनी ती पायाने सरळ केली, वरची निळी अक्षरं थोडा वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "हे काय लिवलंय बघ गो."

बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदा.

मी वाचलं. यूज नो हूक्स. उचलताना आकडा लावू नका, गोणी फाटते. मी एकेका शब्दाचा अर्थ सावकाश, नीट सांगितला. त्यांनी तो नेहमीसारखा लगेच मान्य केला.